पाणंदीवरची बिनतारी

सणसरचं नाव बाहेरच्या माणसाच्या कानावर बहुधा दोन कारणांनी पडलेलं असतं. आषाढीला निघालेली तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे येऊन इथे मुक्कामाला थांबते, हे एक. दुसरं म्हणजे इंदापूरच्या पाण्याच्या भांडणात वरचेवर येणारा 'सणसर कट' हा कालव्याचा जोड. शेजारी भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे, भोवती नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आहे आणि उसातून काळ्या मातीच्या पाणंदी गेलेल्या आहेत. पावसाळ्यात या पाणंदीत गाडी घातली की 'ऑफ-रोड' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डांबरीपासून दोनशे मीटर आत शिरलं की चारही चाकं माती वेटोळून घेतात.

अशा गाडीत बिनतारी संच बसवावा का, बसवला तर कोणता आणि कसा, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारे तीन प्रकारचे. सुट्टीला चार-पाच जणांनी मिळून थार, जिप्सी किंवा गुरखा घेऊन बाहेर पडणारे हौशी. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या फिरवणारे वाहतूकदार. आणि माळरानावर पाहुण्यांना लांडगा-चिंकारा दाखवायला नेणारे. वनविभागाने २०२४ मध्ये शिरसुफळ आणि कडबनवाडी इथे गवताळ सफारी सुरू केली, तेव्हापासून या तिसऱ्या प्रकारात भर पडली आहे. तिघांची गरज वेगळी, तिघांना लागू होणारा कायदाही वेगळा. तरी तिघंही सुरुवात एकाच ठिकाणाहून करतात: आधी संच घेतात, मग तो डॅशबोर्डवर कुठे बसेल ते बघतात, मग वायर कुठून ओढायची ते ठरवतात, अँटेना जमेल तशी लावतात आणि परवान्याचं कुणी विचारलंच तर बघू म्हणतात. माझं म्हणणं इतकंच की हा क्रम नेमका उलटा हवा. आधी कागद, मग अँटेना, मग वीज आणि सगळ्यात शेवटी खोका.

त्याहीआधी, मोबाइल असताना बिनतारीवाचून काय अडलंय, हेही बघायला हवं. रोजच्या कामात फारसं अडत नाही. मोबाइल येण्याआधी राज्यातल्या कित्येक साखर कारखान्यांच्या गट ऑफिसांत वायरलेस संच होते. फोन आल्यावर ते मागे पडले आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण फोन एकाला लावायचा असतो, बिनतारीवर बटण दाबलं की सगळे ऐकतात. पुढच्या गाडीने 'डाव्या अंगाला चारी फुटलीय, उजवीकडून या' असं एकदा सांगितलं की मागच्या चौघांना ते एकाच वेळी कळतं. घाटात किंवा दरीत रेंज गेली तरी या संचांचं आपसांत चालू राहतं. आणि गर्दीत टॉवर तुंबतो. पालखीच्या वाटेवर बेलवाडीला होणाऱ्या गोल रिंगणाच्या दिवशी फोन लावून बघितलेल्या माणसाला हे सांगायला नको. पोलिसांनी म्हणूनच बिनतारी सोडलेली नाही.

आता कागद. रेडिओलहरी सरकारच्या मालकीच्या आणि त्या वापरायला परवाना हवा, हे तत्त्व १८८५ च्या तार कायद्यापासून आणि १९३३ च्या बिनतारी तार कायद्यापासून चालत आलं आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ते बदललेलं नाही. सामान्य माणसापुढे चार वाटा उरतात.

पहिली बिनपरवान्याची. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला, ५ वॅटपर्यंत. हे वाचून पुष्कळजण खूश होतात आणि पुढची अट वाचायची राहते: अँटेना संचातच बसवलेली हवी. या बँडवर पाव लांबीची अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरची काठी. तीच बाहेर लावायला मनाई म्हटल्यावर गाडीसाठी या सवलतीचा उपयोग नावापुरताच. त्यापेक्षा कामाची सवलत २०१८ मधली: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचे हातातले संच परवान्याशिवाय चालतात. यांना बसवणं असं काही नसतंच. खिशात ठेवायचे, खिडकीशी धरून बोलायचं. तीन-चार गाड्या एकामागोमाग किलोमीटरभराच्या आत चालत असतील तर एवढं पुरेसं आहे, आणि बहुतेक हौशी मंडळी त्याहून लांब पांगतच नाहीत.

दुसरी वाट हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची. परीक्षा द्यायची, बारा वर्षांपुढचं कुणीही देऊ शकतं. मग केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून परवाना आणि व्हीयूने सुरू होणारी स्वतःची कॉलसाइन. मॉर्सची कटकट फक्त वरच्या श्रेणीला आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा गाडीसाठी सोन्यासारखा पट्टा त्याने हाती येतो. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. परवाना माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. पाच गाड्यांत बोलायचं तर पाच जणांकडे परवाना हवा. आणि या लहरींवर धंदा करता येत नाही. उसाच्या खेपा, सफारीचे पाहुणे, हॉटेलचं बुकिंग, काहीही नाही. फिरत्या गाडीतून बोलण्याबद्दल नियमांत वेगळी तरतूद आहे, ती संच विकत घेण्याआधी वाचावी.

तिसरी वाट धंद्यासाठी स्वतःची फ्रिक्वेन्सी मागण्याची. ती कारखान्याला, मोठ्या कंत्राटदाराला परवडते. दोन ट्रॅक्टरवाल्याने त्या फंदात पडू नये. त्याच्यासाठी चौथी वाट अलीकडे निघाली आहे: सिमकार्डवर चालणारे वॉकी-टॉकी. दिसायला बिनतारीसारखे, बटणही तसंच, पण आवाज जातो मोबाइलच्या नेटवर्कवरून. वेगळी फ्रिक्वेन्सी मागावी लागत नाही, अंतराची अडचण नाही. रेंज गेली की मात्र हाताशी नुसता ठोकळा राहतो. सणसर, भवानीनगर, बारामती या सपाट पट्ट्यातल्या ऊसवाहतुकीला हा पर्याय मला सगळ्यांत व्यवहारी वाटतो, आणि सह्याद्रीच्या घाटात निघालेल्याला सगळ्यांत बिनकामाचा.

या चारही वाटांच्या बाहेर एक पाचवी आहे आणि बहुतेकजण चालतात तीच. ऑनलाइन मागवलेला बाओफेंग वॉकी-टॉकी, ५ वॅटचा, स्वस्तातला, हवी ती फ्रिक्वेन्सी आकडे दाबून लावता येणारा. हवी ती लावता येते हाच त्याचा दोष. पोलीस, रेल्वे, विमानतळ यांच्या लहरींवर अजाणता बोट पडू शकतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे संच परवान्याची माहिती न देता विकल्याबद्दल तेरा ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ विक्रीचे नियम घालून दिले. 'सगळेच वापरतात' हे उत्तर पालखीच्या बंदोबस्तावरच्या हवालदाराला देऊन बघायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न कितीतरी सोपा करून टाकला आहे. तिथे ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐंशी चॅनल लोकांसाठी खुले आहेत, ५ वॅट, परीक्षा नाही, बाहेर अँटेना लावायला मुभा. ट्रकवाले चाळीस नंबरवर बोलतात. त्यामुळे तिथल्या लेखांत आणि व्हिडिओंत थेट 'भोक कुठे पाडायचं' इथून सुरुवात होते. अमेरिकेतही फी भरून परीक्षेशिवाय ५० वॅटपर्यंतचा संच गाडीत घालता येतो. आपली मंडळी ते व्हिडिओ बघतात, तेच संच मागवतात, आणि तिथला कायदा त्या खोक्यातून येत नाही हे विसरतात. ४४६ च्या पट्ट्यात बाहेरच्या अँटेनेसह ५ वॅटची मुभा आपल्याकडेही द्यायला काय हरकत आहे, हे मला कळलेलं नाही. पूर, दरड, शोधमोहीम यांत सगळ्यांत आधी पोचतात त्या बहुधा अशाच गाड्या.

कागद हातात आले असं धरू. पुढचं सगळं हॅम परवाना असलेल्या, १४५ मेगाहर्ट्झच्या संचाला धरून लिहितो, कारण गाडीत खऱ्या अर्थाने 'बसवायचा' असतो तो हाच.

संच किती वॅटचा, यावर चर्चा रंगते ती बहुतांशी वाया जाते. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेनेच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणलं की त्या अँटेनेचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दोन जीपच्या टपांवर २ मीटर उंचीला अँटेना असतील तर प्रत्येकीचं क्षितिज पावणेसहा किलोमीटर, दोघींत मिळून साडेअकरा. वॅट वाढवून ही रेषा पुढे सरकत नाही. रेषेच्या आत आवाज स्वच्छ होतो, इतकंच. उलट सपाट रानात अँटेना दुप्पट उंच केली तर पलीकडे पोचणारी ताकद जवळपास चौपट होते. इंदापूरच्या माळावर हे गणित बऱ्यापैकी लागू पडतं. सणसरच्या शिवारात पडत नाही, कारण मध्ये ऊस. बारा-चौदा महिन्यांचा अडसाली ऊस जीपच्या टपापेक्षा उंच जातो आणि त्याची हिरवी पानं पाण्याने भरलेली असतात. ओला पाला लहरी पितो. ४४६ वाला पट्टा १४५ पेक्षा जास्त. तोडणीच्या आधी आणि नंतर एकाच पाणंदीवरून बोलून बघितलं तर वेगळाच संच लावल्यासारखं वाटेल.

म्हणून अँटेना. १४५ ला पाव लांबीची काठी सुमारे ४९ सेंटिमीटर भरते. पण ती अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या पायाखालचा पत्रा. टपाच्या मधोमध भोक पाडून बसवलेली पाव लांबीची काठी याहून उत्तम काही नाही, आणि जीपवाल्यांची पंचाईत इथेच होते. जुन्या जिप्सीला, मेजरला कापडी टप. कित्येक जीपांवर फायबरचं छप्पर. पत्राच नाही, तर चुंबकाची अँटेना चिकटणार कशाला आणि चालणार कशावर? मग लोक ती बोनेटवर ठेवतात. तिथे अँटेना खाली येते, इंजिनाजवळ जाते, काच आणि रोलकेज एका बाजूला आडवे येतात. तरीही बोनेटच्या कडेला ब्रॅकेट लावून उभी केलेली काठी केबिनमधल्या संचाच्या रबरी अँटेनेपेक्षा कितीतरी बरी. टप कापडी असेल तर अर्ध्या लांबीची अँटेना घ्यावी, तिला खालच्या पत्र्याची फारशी गरज लागत नाही, आणि ती मागच्या स्पेअर चाकाच्या ब्रॅकेटवर किंवा रोलकेजच्या वरच्या नळीवर चढवावी. स्प्रिंगचा तळ हवाच. बाभळीची फांदी सरळ काठीला दाद देत नाही, स्प्रिंगवाली वाकते आणि परत उभी राहते. चुंबकाची अँटेना डांबरीवर ठीक. बाभळीखालून गेली की टपावर ओरखडे ओढत केबलला लोंबकळते.

केबल आखूड ठेवावी. बारीक आरजी-५८ केबल या पट्ट्यात चार मीटरला एक डेसिबलच्या आत खाते, ते चालतं. पण उरलेली दोन मीटर सीटखाली वेटोळं करून कोंबायची सवय मोडायला हवी. दरवाजाच्या रबरातून केबल दाबून नेली तर पहिल्या पावसाळ्यातच तिच्यात पाणी शिरतं, आणि पाणी शिरलेली केबल वरून धडधाकट दिसते. म्हणून बसवल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप) मीटर लावून बघायचा. दीडच्या आत असेल तर उत्तम. तीनच्या वर गेला तर बहुतेक संच स्वतःला वाचवायला ताकद कमी करतात. पन्नास वॅटचे पैसे दिलेला माणूस मग दहा वॅटवर बोलत असतो आणि संचाला शिव्या घालत असतो.

विजेच्या बाबतीत बारामती-इंदापूर भागाला एक अनपेक्षित फायदा आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर भलेमोठे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर चढवून देणारे इलेक्ट्रिशियन इथे जागोजाग आहेत. त्या गाण्यांनी रस्त्यावरच्यांचा जीव नकोसा होतो ते सोडा, पण बॅटरीतून जाड करंट सुरक्षित कसा आणायचा हे या पोरांना हातखंडा येतं. बिनतारीचं काम त्यांनाच द्यावं, फक्त तीन गोष्टी निक्षून सांगाव्यात.

संचाची वायर थेट बॅटरीवरून आणायची. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून किंवा म्युझिक सिस्टीमच्या वायरिंगला जोड देऊन नाही. ५० वॅटचा संच बोलताना दहा-बारा अँपियर ओढतो. बॅटरीपासून संचापर्यंत तीन मीटर धरले तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं होतं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्यावर पाऊण व्होल्टच्या वर गळतो, अडीचच्या वायरीत अर्धा, चारच्या वायरीत त्याहून कमी. चारची घ्यावी, किमतीतला फरक किरकोळ असतो. दुसरी गोष्ट फ्यूजची. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, संचाशेजारी नव्हे. इंजिनाच्या आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर जिथे आत येते तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची कड खड्ड्याखड्ड्याला वायरीचं साल सोलत राहते. एक दिवस तांबं पत्र्याला लागतं, आणि फ्यूज पलीकडे केबिनमध्ये असला तर मधली वायर पेटते. तिसरी गोष्ट नव्या गाड्यांपुरती: निगेटिव्ह वायर बॅटरीच्या खुंटीवर न जोडता जवळच्या बॉडी अर्थवर जोडायची. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हला करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून करंट गेला की गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो.

थिंबल पक्कडीने चेपून वर टेप गुंडाळणं म्हणजे काम नव्हे. क्रिंपिंगच्या पान्याने थिंबल दाबायचं, हिसका देऊन बघायचं, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवायची. काळ्या मातीतल्या गाडीत ढिलं थिंबल हंगामभरही टिकत नाही.

वीज जोडली की एक साधी चाचणी करायची आणि ती सहसा कुणी करत नाही. इंजिन बंद ठेवून संचाचा स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, उघडायचा. नुसती खरखर ऐकू येईल. आता दूरचं एखादं क्षीण स्टेशन लावायचं आणि टपावरचा एलईडी बार चालू करायचा. स्टेशन गायब झालं तर चोर सापडला. स्वस्तातल्या एलईडी बारमधली सर्किटं याच पट्ट्यात गोंगाट करतात. मग डॅशकॅम, मग मोबाइलचा चार्जर, मग इंजिन चालू करून अल्टरनेटरची शीळ. एकेक करून तपासायचं. संच बदलून आणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा दोष या बारमध्ये असतो, आणि वायरीत गोंगाट गाळणारे फेराइटचे मणी ओवून काही सुधारलं नाही तर बारच बदलावा लागतो.

राहिला खोका. डॅशबोर्डच्या वर ठेवू नये. वैशाखात तिथे हात ठेवता येत नाही, आणि गाडी आदळली की तो तिथून सुटून येणार तोंडावरच. एअरबॅगच्या वाटेत काहीही नको, माइकची क्लिपसुद्धा नको. सीटखाली जागा असते खरी, पण पाण्यातून गाडी घालायची असेल तर तीच जागा आधी भिजते. नव्या थारची कंपनीने सांगितलेली पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, आणि इतक्या पाण्यात दरवाजाच्या रबरांची परीक्षा होते. म्हणून तोंड वेगळं निघणारा संच घ्यावा: मूळ खोका सीटच्या पाठीमागे उंचावर, हवा खेळेल असा, आणि छोटा दर्शनी भाग चालकाच्या हाताशी. दुहेरी टेप आणि केबल टाय हे तात्पुरते. बोल्ट, नायलॉक नट आणि खाली रबराची चकती हे कायमचं. भोक पाडलं तर कडेला लगेच गंजरोधक रंग लावायचा, आणि पाडण्याआधी पत्र्यामागे काय आहे ते पाहायचं. पेट्रोलच्या नळीत ड्रिल घालणारे महाभाग असतात. गाडी वॉरंटीत असेल तर भोकाआधी कागदही वाचावेत.

माइक हातात धरून गाडी चालवण्याबद्दल कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीने हातातलं संदेशवहनाचं उपकरण वापरत गाडी चालवणं धोकादायक चालवण्यात घातलं आहे. गाडीला जोडलेल्या माइकला ते लागू होतं की नाही यावर वकील वाद घालू शकतील. चालकाने वाद घालू नये, शेजारच्याने बोलावं. चिखलात दोन्ही हात चाकावर लागतात, बोलायला तिसरा कुठून आणणार?

सफारीवाल्यांसाठी एक निराळी गोष्ट, आणि ती बसवण्याची नाही, बोलण्याची आहे. ताडोबात डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांना आत मोबाइल न्यायला बंदी आली. वाघ दिसला की फोनवर फोन जायचे आणि सगळ्या जिप्सी एका वळणावर तुंबायच्या, हे त्यामागचं मोठं कारण. कडबनवाडीच्या माळावर बिनतारी आली तर तेच लांडग्याच्या बाबतीत होईल, उलट लवकर होईल, कारण इथे झाडी नाही आणि एक गाडी थांबलेली चारही बाजूंनी दिसते. गाड्यांत संच असलाच तर तो अडलेल्या गाडीसाठी, साप चावलेल्या माणसासाठी असावा. प्राणी कुठे आहे हे त्यावर सांगायचं नाही, असा नियम मार्गदर्शकांनी स्वतःच घालून घेतलेला बरा, आणि लांडग्याची पिल्लं असलेल्या घळीचा तर उल्लेखही नको.

ट्रॅक्टरबद्दल शेवटी लिहितो, कारण त्यावरचं साहित्य जवळजवळ नाहीच. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर वरचं सगळं पुन्हा मांडावं लागतं. ऊन, पाऊस आणि धूळ संचावर थेट येते, म्हणून गाडीचा साधा संच चालत नाही. पाणी आणि धूळ रोखणारा, आयपी-६७ दर्जाचा घ्यावा लागतो. इंजिनाच्या आवाजात संचाचा छोटा स्पीकर ऐकू येत नाही, वेगळा स्पीकर चालकाच्या कानाशी लागतो, आणि तो लागायचा तर गाण्याचे स्पीकर उतरवावे लागतात. इथे बहुतेकांचा उत्साह मावळतो. अँटेनेसाठी छत्रीचा पाइप ही सगळ्यांत चांगली जागा, उंच आणि मोकळी, अर्ध्या लांबीच्या अँटेनेला पुरेशी. परवाना मात्र हॅमचा असेल तर त्या संचावरून उसाची खेप बोलता येणार नाही, म्हणजे व्यवहारात ट्रॅक्टरवाल्याला सिमकार्डवाला संच किंवा कारखान्याने घेतलेली फ्रिक्वेन्सी एवढेच दोन रस्ते. छोट्या वाहतूकदारांना मिळून एकच फ्रिक्वेन्सी मागता आली तर वाट निघू शकेल, पण त्यासाठी पुढाकार कारखान्यालाच घ्यावा लागेल. गट ऑफिसांची जुनी वायरलेस व्यवस्था अशीच कारखान्यांनी उभी केली होती.

कुठल्याही गाडीत संच बसवला तरी पहिल्या मोठ्या चिखलानंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळावेत, थिंबलं ओढून पाहावीत आणि एसडब्ल्यूआर पुन्हा मोजावा. बसवताना दीड असलेला आकडा तेव्हा दोनच्या वर गेलेला सापडतो, आणि कारण बहुतेक वेळा अँटेनेच्या तळाशी, पत्र्याच्या अर्थजवळ साचलेली चिखलाची पुटं हेच असतं.